आईचा बोन स्कॅन आणि घरातलं सात महिन्यांचं बाळ

प्रश्न असा आहे: “माझी आई ६२ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर केमो आणि शेक झाला. आता महिनाभर कंबर दुखतेय म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितलाय. गावात सगळे म्हणतात, त्यात अंगात किरणोत्सारी औषध सोडतात, माणसाजवळ फिरकायचं नसतं. घरात माझं सात महिन्यांचं बाळ आहे, ते आजीशिवाय झोपत नाही. आई विचारते, परत शेक घ्यायचाय का? एक नातेवाईक म्हणतात, बोन स्कॅन कशाला, सरळ पेट स्कॅन करा. आम्ही कागलच्या पुढचे. काय करावं?”

स्कॅन करून घ्या. पुढे ढकलू नका. बाळाला आजीपासून एक संध्याकाळ आणि एक रात्र जरा लांब ठेवायचं आहे, त्याचं नीट शेवटी सांगते.

आईंना मात्र आजच सांगा की हा शेक नव्हे. आपल्याकडे रेडिएशनच्या उपचाराला शेक किंवा लाईट म्हणतात, आणि ज्यांनी तो घेतलाय त्यांना ‘किरण’ हा शब्द ऐकूनच पोटात गोळा येतो. शेक देताना मशीन किरण सोडतं आणि शरीर ते झेलतं. बोन स्कॅनमध्ये याच्या उलट घडतं. औषधाचं छोटं इंजेक्शन शिरेतून जातं, किरण शरीरातून बाहेर येतात आणि मशीन ते फक्त टिपतं. या मशीनला गामा कॅमेरा म्हणतात, आणि ते स्वतः एकही किरण सोडत नाही. त्यामुळे आई त्याखाली दहा मिनिटं झोपल्या काय किंवा चाळीस मिनिटं झोपल्या काय, डोस तेवढाच राहतो. एखादी जागा नीट बघण्यासाठी जोडीला छोटा सीटी काढला तर त्याचा थोडा एक्सरे वाढतो, तेवढाच.

डोस किती, हेही स्पष्ट सांगते, कारण “काही होत नाही हो” असं म्हणून कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. माती, हवा, आकाश आणि आपलं अन्न यांतून जगातल्या प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणांचा डोस मोजायचं माप) किरणोत्सर्ग मिळतच असतो. बोन स्कॅनचा डोस साधारण ४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांचा नैसर्गिक वाटा एका दिवसात. तो शून्य नाही, म्हणून उगाच कुणाचा स्कॅन करू नये. पण कॅन्सर होऊन गेलेल्या बाईची कंबर महिनाभर दुखतेय आणि आपण कारण शोधलं नाही, तर तो धोका कितीतरी मोठा आहे.

आता औषधाबद्दल. त्याचं नाव टेक्नेशियम-९९एम. दर सहा तासांनी त्याची ताकद निम्मी होते. सकाळी दहाला दिलं तर दुपारी चारला निम्मं, रात्री दहाला पाव, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळावा हिस्सा. हा झाला नुसता काळाचा हिशोब. शिवाय हाडांनी न घेतलेलं बरंचसं औषध पहिल्या काही तासांतच लघवीवाटे निघून जातं. टेक्नेशियम मिळतं ते मॉलिब्डेनमपासून. त्या मॉलिब्डेनमची ताकद ६६ तासांनी निम्मी होते, म्हणून शिशाच्या आवरणात ठेवलेला जनरेटर (विजेचा नव्हे, मॉलिब्डेनम भरलेलं पात्र) आणून त्यातून रोज सकाळी ताजं टेक्नेशियम काढतात. त्याला आम्ही ‘मिल्किंग’ म्हणतो, आणि दुभत्या जनावराच्या घरात वाढलेल्या पेशंटला ते एका वाक्यात कळतं: धार सकाळी काढायची आणि ताजी वापरायची, ठेवून चालत नाही.

म्हणूनच वेळ पाळा, असं आम्ही जीव तोडून सांगतो. प्रत्येकाचा डोस त्याच्या नावानं मोजून ठेवलेला असतो. दोन तास उशीर झाला की टेक्नेशियमचा पाचवा हिस्सा गेलेला असतो. पेटच्या औषधाचं तर याहून अवघड, कारण त्यातलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. पुण्याहून निघालेली गाडी चार तासांनी कोल्हापुरात पोचली तर निघताना होतं त्याच्या पावाहूनही कमी उरतं. ते हिशोबात धरूनच भरलेलं असतं, पण त्या हिशोबात तुमचा उशीर धरलेला नसतो. पावसाळ्यात घरून निघण्याआधी फोन करा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, २०२१ च्या जुलैतही तेच झालं. अशा दिवसांत पेशंट कसाबसा पोचतो आणि औषध वाटेतच राहतं. आजारी माणसाला उपाशीपोटी आणून परत पाठवताना फार वाईट वाटतं.

या तपासण्यांबद्दल एकच गोष्ट नीट समजली तर बाकीचं सगळं आपोआप कळतं. एक्सरे, सीटी आणि सोनोग्राफीत अवयव कसा दिसतो ते बघतात. आमच्या स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन काढतात त्यांत, अवयव काम काय करतोय ते दिसतं. काम खाण्यानं बदलतं, मेहनतीनं बदलतं, थंडीनं बदलतं, गोळ्यांनी बदलतं. त्यामुळे आदल्या दिवशी तुम्ही काय केलं ते चित्रात उतरतं. मी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये शिकले. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून चालू आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी बजावलं होतं की फिल्म बघण्याआधी पेशंटशी बोला. इतक्या वर्षांत त्या सल्ल्यानं मला कधी दगा दिला नाही.

बोन स्कॅनचंच घ्या. औषध हाडात जिथे नवी भर पडत असते तिथे जास्त जाऊन बसतं. कॅन्सर हाडात पोचला की भोवती हाड डागडुजी करायला लागतं, म्हणून ती जागा काळी दिसते. पण डागडुजी काय फक्त कॅन्सरचीच असते का? गुडघ्याची झीज, जुना मार, दाताच्या मुळाचा पू, ठिसूळ झालेला मणका दबणं, सगळीकडे तेच. एकदा एका आजींच्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूच्या चार बरगड्या एका सरळ रेषेत काळ्या दिसल्या. कॅन्सर असा रेघ मारून बसत नाही, मार बसतो. विचारलं तर “न्हाई बाई, कुठं पडल्याली न्हाई” म्हणाल्या. थोड्या वेळानं आठवलं: दीड महिन्यापूर्वी म्हशीनं लाथ मारली होती, हळद लावून झोपल्या, कुणाला सांगितलं नाही. ती लाथ कळली नसती तर रिपोर्टात शंका लिहावी लागली असती, आणि त्या घरानं महिनाभर रडून काढलं असतं. आईंना विचारून ठेवा: पडणं, घसरणं, शेतातली मोच, दात काढणं, गुडघ्यातलं इंजेक्शन, काही झालंय का? वर्षभरातलं सगळं सांगा.

आणखी एक गोष्ट, जी सांगितली नाही तर लोक घाबरतात. केमो किंवा हार्मोनच्या गोळ्या लागू पडल्या की हाड भरून यायला लागतं, आणि पहिल्या तीनेक महिन्यांत बोन स्कॅन आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. पेशंट बरा होत असतो आणि चित्र बिघडलेलं दिसतं. म्हणून औषध कधी सुरू झालं, कधी बदललं याची तारीख कागदावर लिहून आणा. याच कारणानं कुठलाही रिपोर्ट मोबाईलवर शोधून वाचू नका. ‘अपटेक वाढलेला’ म्हणजे त्या जागी औषध जास्त गेलं, एवढाच अर्थ. का गेलं, हे तुमचे डॉक्टर आईंना तपासून, जुने कागद शेजारी ठेवून ठरवतील. कधी त्यासाठी एमआरआय लागेल, कधी सुईनं तुकडा काढावा लागेल.

आता नातेवाइकांच्या पेट स्कॅनबद्दल. तो महागडा आहे म्हणून जास्त चांगला, असं नाही. त्यात साखरेसारखं एक औषध देतात, त्याला एफडीजी म्हणतात. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्या चमकतात. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी साखर ओढतात, पण मेंदू ओढतोच, सुजलेला भाग ओढतो, आणि आपल्या भागात महत्त्वाचं म्हणजे टीबीच्या गाठीही ओढतात. छातीतल्या चमकणाऱ्या गाठी बघून घरच्यांनी आशा सोडलेली आणि तुकडा तपासल्यावर टीबी निघालेला, असे पेशंट मी पाहिलेत. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ते बरे झाले. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका, इथे तरी नाही. आईंचा त्रास फक्त हाडाचा असेल तर बोन स्कॅन योग्य सुरुवात आहे. हाडाबाहेरही बघायची गरज वाटली तर तुमचे कॅन्सरचे डॉक्टर पेट सांगतील. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी आरोग्य योजनेत कुठली तपासणी बसते ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, तपासणी झाल्यावर नाही.

पुढे कधी पेटची वेळ आलीच तर उपाशी राहणं म्हणजे काय ते आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. निदान सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको. आपल्याकडे चहा हा खाण्यात धरत नाहीत. “काही खाल्लं नाही डॉक्टर, नुसता चहा घेतला स्टँडवर.” त्या चहातल्या दोन चमचे साखरेनं इन्सुलिन वाढतं, आणि औषध गाठीत जायचं सोडून हाता-पायांच्या स्नायूंत पळतं. आदल्या रात्री भात, भाकरी, चपाती, गूळ, फळं, उसाचा रस टाळा. अंडी, पनीर, मटण चालतं. तांबडा-पांढरा रस्सा चालेल, त्यात भाकरी कुस्करू नका. डायबेटिस असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिनचं काय करायचं ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. मेटफॉर्मिननं आतडी इतकी चमकतात की मागचं काही दिसत नाही. पण आपल्या मनानं गोळी बंद करून साखर तीनशेवर नेऊ नका. दोनशेच्या वर साखर असली तर आम्हाला बहुतेक वेळा तपासणी पुढे ढकलावी लागते.

मेहनतीचंही तसंच. तालमीतला एक पोरगा लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची) केमो संपवून पेट स्कॅनला आला. आदल्या संध्याकाळी त्यानं मुद्दाम बैठका मारल्या होत्या, आपण ठणठणीत आहोत याचा त्यालाच विश्वास वाटावा म्हणून. स्कॅनमध्ये दोन्ही मांड्या पेटल्यासारख्या दिसत होत्या. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. आठवड्यानं परत बोलावलं, त्या वेळी स्कॅन स्वच्छ आला. आदला दिवस आराम, शेतातली कामं नकोत, मोळी उचलणं नको. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. बोलत राहिलं तर घशाचे स्नायू चमकतात. डिसेंबर-जानेवारीत पन्हाळ्याकडून पहाटे मोटरसायकलवर येणाऱ्यांनी स्वेटर घालून, मफलर गुंडाळून या, कारण थंडीनं मानेतली एक खास चरबी ऊब तयार करायला साखर जाळू लागते आणि ती गाठींसारखी दिसते.

आईंच्या बोन स्कॅनला यातलं काहीच पथ्य नाही. त्यांना सकाळी नाश्ता करून आणा. बीपीची, थायरॉइडची, सगळी नेहमीची औषधं द्या.

बाकीच्या स्कॅनचं थोडक्यात. हृदयाच्या स्कॅनला आदला पूर्ण दिवस चहा, कॉफी आणि कोला बंद, नाहीतर हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडणारं औषध लागूच होत नाही. किडनीच्या डीटीपीए स्कॅनला भरपूर पाणी पिऊन या. त्या औषधानं किडनी बिघडते हा समज चुकीचा आहे. थायरॉइड स्कॅनआधी सीटीचं आयोडीनवालं इंजेक्शन झालं असेल तर आम्हाला सांगा, त्यानंतर काही आठवडे चित्र नीट येत नाही. थायरॉइडच्या कॅन्सरला देतात तो रेडिओआयोडीनचा (किरणोत्सारी आयोडीनचा) मोठा डोस हा उपचार आहे, त्याचे वेगळ्या खोलीत राहण्याचे नियम वेगळे आणि कडक. गावात जे ऐकलंत, ते बहुतेक त्यावरूनच आलं असावं.

लहान बाळांच्या एका स्कॅनबद्दल मात्र थांबून सांगायचं आहे, कारण तिथे दिवस मोजावे लागतात. जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी कावीळ आहे आणि बाळाची शी पांढरट, मातकट रंगाची होते, तर ‘मुलांना होतेच कावीळ’ म्हणून उन्हात ठेवत बसू नका. पित्ताची नळी बंद असू शकते. हायडा स्कॅनमध्ये औषध यकृतातून आतड्यात उतरतं का ते बघतात. नळी बंद असेल तर ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर फायदा सर्वात जास्त. गावठी औषधं, दृष्ट काढणं यांत गेलेला प्रत्येक आठवडा त्या बाळाच्या यकृतातून वजा होतो. हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक आजीला हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

बायकांसाठी अजून एक. आम्ही पाळीची तारीख विचारतो ती सहज म्हणून विचारत नाही. गरोदर बाईचा स्कॅन अगदी नाइलाज असल्याशिवाय करायचा नसतो. नव्या सुनेबरोबर सासूबाई आणि दीर उभे असतात, ती मान खाली घालून “नाही” म्हणते. म्हणून मी सगळ्यांना बाहेर पाठवून विचारते. तुम्हीही एकट्यानं बोलायचं आहे असं सांगा, तो तुमचा हक्क आहे. अंगावर पाजणाऱ्या आईनं तसं आधी कळवावं. टेक्नेशियमच्या औषधांत बहुतेकदा काही तास दूध काढून टाकलं की पुरतं. रेडिओआयोडीनच्या बाबतीत मात्र त्या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं थांबवावं लागतं, म्हणून ते काही आठवडे आधी ठरवायचं असतं.

आता तुमच्या आईंचा दिवस. ऑपरेशनचा कागद, जुने स्कॅन, औषधांची यादी आणि एक जादा साडी घेऊन या. ऑपरेशन डावीकडे झालंय, तेव्हा इंजेक्शन उजव्या हाताला घ्यायचं, हे टेक्निशियनला आईंनी स्वतः सांगावं. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर डावा हात सांभाळायलाच हवा. टोचल्याएवढंच दुखतं, अंग गरम होत नाही, चक्कर येत नाही. टोचलेल्या जागी फुगलं किंवा चुरचुरलं तर लगेच सांगा. मग सुमारे तीन तास थांबायचं. या वेळात सहा-आठ ग्लास पाणी प्या आणि सारखी लघवी करून या. औषध तेवढं लवकर बाहेर जातं आणि चित्रही स्वच्छ येतं. जेवण केलं तरी चालतं. पण डबा सेंटरच्या आवारातच खा, गर्दीत रंकाळ्यावर फिरायला जाऊ नका.

स्कॅनला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, कंबरेचा छल्ला, पदराला बांधलेली नाणी काढून ठेवावी लागतील, कारण धातू किरण अडवतो आणि तिथे हाडात खड्डा असल्यासारखं दिसतं. मंगळसूत्र काढायचं मन होत नसेल तर सुनेच्या हातात द्या, किंवा गळ्यात साधा काळा दोरा बांधून या, तो चालतो. लघवीचा एक थेंब साडीला लागला तरी कमरेच्या हाडावर डाग दिसतो, जादा साडी त्यासाठी. मशीन एमआरआयसारखं बोगद्याचं नाही, आवाजही नाही. फक्त वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. कंबर दुखते म्हणता, तर गुडघ्याखाली उशी मागून घ्या. एखाद्या जागेचं जवळून चित्र काढायला परत झोपवलं तर घाबरू नका, ते आम्ही अनेकांचं करतो.

घरी जाताना एसटीनं, गाडीनं, कसंही जा. शेजारच्या मोठ्या माणसाला त्रास नाही. त्या दिवशी पाणी जास्त प्यायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं, हात साबणानं धुवायचे. आईंचं ताट, कपडे, अंथरूण वेगळं काढायची गरज नाही. असं वेगळं काढलेलं ताट बायका आयुष्यभर विसरत नाहीत, म्हणून कृपा करून ते करू नका.

आणि बाळ. त्या संध्याकाळी आजीनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्याच्याशी बोलावं, गाणं म्हणावं, हवं तर थोडा वेळ उचलूनही घ्यावं. फक्त तासन्‌तास मांडीवर घेणं आणि रात्री कुशीत झोपवणं त्या दिवशी नको. अंतर दुप्पट केलं की पोचणारे किरण साधारण चौथाई होतात, त्यामुळे एवढी काळजी पुरेशी आहे. रात्री त्याला तुमच्या खोलीत झोपवा. रडेल थोडं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाली की द्या त्याला आजीकडे.